बावन्न दातांची गाडी

साहेबरावानं आईसाठी गाडी बनवली होती, पण तिला गाडी म्हणायला शहराच्या छावणी भागात कुणी तयार नव्हतं. भंगारातल्या फटफटीचं इंजिन, स्कूटरची चार चाकं, लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि मागं बसायला शाळेच्या मोडक्या बाकाची फळी. वाळूजच्या कंपनीत पहिली पाळी करायची आणि दुपारपासून या सांगाड्याशी झटायचं, असं त्यानं सहा महिने केलं. माणूस हुशार, पण एकदा डोक्यात काही शिरलं की ते बाहेर काढायला पानाच लागायचा.

आई म्हणजे मनकर्णाबाई. विद्यापीठाच्या नामांतरासाठी सोळा वर्षं मोर्च्यांत चाललेली बाई. दोनदा तुरुंगात जाऊन आली, आणि मधल्या काळात गुडघे गेले. बाबासाहेबांचं नाव लागेस्तोवर विद्यापीठाच्या कमानीखालून जायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. सख्खी बहीण कमानीपलीकडं राहायची, तर तिच्याकडंही ही लांबचा वळसा घालून जायची, वर बहिणीलाच उशिराबद्दल बोलायची.

आता संक्रांतीला नामांतर जाहीर झालं. उद्या सगळं शहर कमानीकडं निघणार, आणि साहेबरावाची गाडी जागेवरून झटक्यात सुटायला तयार नव्हती.

"पळती तर बरी की," मल्हारी म्हणाला. मल्हारी पैठण रोडचा मेंढपाळ. त्याची चराईची रानं कारखान्यांच्या कुंपणात गेली आणि तो त्यातल्याच एका कुंपणाच्या गेटवर वॉचमन झाला. मेंढरं विकली, पण एक एडका मात्र त्यानं हट्टानं ठेवला होता.

"पळती, पण उठत नाय. मला उठाव पायजे. एकदम."

"मिरवणुकीत कशाला लागतो उठाव?"

साहेबरावानं पाना उचलला. मोर्चा म्हटलं की त्याला एकच दिवस आठवायचा. लाठीमार सुरू झाला, माणसं पांगली, आणि एकोणीस वर्षांचा साहेबराव सगळ्यांच्या पुढं पळाला. गल्लीच्या तोंडाशी वळून पाहिलं तर आई रस्त्यात एकटी. त्याची लाज त्याला अजून वाटत होती, आणि ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती.

त्यानं इंजिनाकडचं चौदा दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, काढून अकरा दातांचं बसवलं. मागचं चाळीसचं काढून भंगारातून आणलेलं बावन्न दातांचं चढवलं, चांगलं भाकरीच्या तव्याएवढं. चेन आखूड पडली, ती दुसऱ्या चेनीचे तुकडे जोडून वाढवली. आता सपाट रस्त्यावर या गाडीला सायकलवालाही मागं टाकणार होता, पण सुटताना ती कुणाच्या बापाला ऐकणार नव्हती.

चाचणीला फळीवर एडका बसवला. त्याचं वजन मनकर्णामावशीइतकंच भरतं, हे मल्हारीनं नजरेनं ठरवलं, आणि मावशीला हे सांगायचं नाही हेही ठरवलं. साहेबरावानं क्लच सोडला. पुढची दोन्ही चाकं उचलली गेली, गाडी छावणीच्या बाजाराच्या टोकाला पोचली, आणि एडका जिथं होता तिथंच धप्पकन मातीत बसला. त्यानंतर गाडी दिसली की तो तोंड फिरवायचा.

"आला उठाव," साहेबराव म्हणाला. मग त्यानं फळीला एक पट्टा लावला.

दुसऱ्या दिवशी रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. निळे झेंडे, ढोल, माणसांवर माणसं. गाडी पाच पावलं जायची, थांबायची, आणि पुन्हा निघताना अशी उसळायची की पुढचे लोक "जय भीम" म्हणत दोन्ही बाजूंना उड्या मारायचे. पहिल्या उसळीत मनकर्णाबाईंचा चष्मा गेला. दुसरीत चप्पल गेली. तिसरीला त्यांनी पट्टा सोडला.

"साहेबराव, ही असली कशापायी केली रं?"

"पळायची येळ आली तर पटकन निघता यावं, माय."

"कोन लागलंय मागं?"

साहेबरावानं सवयीनं मागं पाहिलं. मागं एक हवालदार होता. तो तिळगूळ खात होता. त्याच्या बाजूला मल्हारी, आणि शिंगांना निळा रंग लागलेला, तोंड फिरवलेला एडका.

"माय, त्या दिवशी मी पुढं पळालो," साहेबराव म्हणाला. ढोलांच्या गलक्यात त्याला हे ओरडून सांगावं लागलं, त्यामुळं ते आजूबाजूच्या चाळीसएक लोकांनाही कळलं. "तू मागं राहिलीस."

मनकर्णाबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. सोळा वर्षं पोरगा हे घेऊन बसला होता तर.

"मागं कशाची राहते? तवा गुडघे धडधाकट होते माझे. तुझ्याहून जोरात पळाले असते. मला पळायचंच नव्हतं, म्हून उभी होते. तू पळालास ते बरं केलंस. दोघं आत गेलो असतो तर घरच्या म्हशीला कुणी बघितलं असतं?"

त्या खाली उतरल्या. कमान अजून पन्नास पावलांवर होती. साहेबरावानं इंजिन बंद केलं आणि गाडी मल्हारीच्या हवाली केली.

त्या पन्नास पावलांना अर्धा तास लागला. साहेबराव आईच्या एक पाऊल मागं चालत होता. कमानीखाली त्या थांबल्या, वर पाहिलं, आणि चष्मा नसल्यामुळं काहीच दिसलं नाही.

"काय लिवलंय, वाच," त्या म्हणाल्या.

वर नवी पाटी अजून लागायचीच होती. तरी साहेबरावानं पूर्ण नाव वाचून दाखवलं.