प्रारण आणि क्षितिज

पीएच.डी.च्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तीन दिवस उरले असताना दीपमालाला आपली चूक सापडली.

चार वर्षं ती एकाच प्रश्नामागे होती. तारा स्वतःच्या भाराने आत कोसळू लागला की त्याच्याभोवती क्वांटम प्रारण, म्हणजे रेडिएशन, सुटतं. ते त्याचं कोसळणं थोपवू शकतं का? थोपवतं, असं तिचं गणित सांगत होतं. म्हणजे ज्या सीमेतून प्रकाशही परत येत नाही, ते घटनाक्षितिज तयारच होत नाही. तिचा शोधनिबंध एका नियतकालिकात छापून आला होता. त्यावर तिच्या मार्गदर्शक वासंती आगाशे यांचंही नाव होतं.

चूक अशी होती: दूर पोचणारं प्रारण थेट ताऱ्याच्या पृष्ठभागावरून निघतं, असं तिने धरलं होतं. तसं धरून उलटं मोजत गेलं की ते तिथे भयंकर प्रखर निघे. प्रत्यक्षात पृष्ठभागापाशी ते नगण्य होतं; कोसळणं थोपवायला ते पुरेसं नव्हतंच.

"कुणाला कळणार आहे?" वाघोलीच्या फ्लॅटमध्ये भाऊ योगेश बूट घालत म्हणाला. तो आयटीत होता. "आमच्याकडं बग असला तरी सॉफ्टवेअर रिलीज होतंच. तुझ्या व्हायवासाठी आई-बाबांचं उद्याचं रिझर्वेशन आहे, ताई."

"मला कळलंय ना," ती म्हणाली.

सदाशिव पेठेपर्यंत बसमध्ये तिने त्या गणिताचं पान पुन्हापुन्हा तपासलं. आपलंच चुकत असावं, अशी आशा सुटत नव्हती.

आगाशे मॅडमनी दार उघडलं. "रविवारी सकाळी? तारा कोसळला की काय?"

"हो मॅडम. आणि क्षितिजही तयार होतं."

मॅडम खुर्चीत बसल्या आणि ते पान वाचू लागल्या. दीपमाला उभीच राहिली. आता ह्या काय म्हणणार? गप्प बस म्हणाल्या तर?

"ही ओळ मी तीनदा वाचली होती," शेवटी त्या म्हणाल्या. "तीनदा चूक मला दिसली नाही. व्हायवा पुढे ढकलू. निबंध मागे घेतोय असं नियतकालिकाला कळवायचं. पत्रावर पहिली सही माझी."

दीपमालाला रडू फुटलं. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "रडून झालं की घरी फोन कर. मग कागद घे."

पुढचे आठ महिने तिने प्रबंध नव्याने लिहिला. सेमिनारला लोक कुजबुजत. ती मान खाली घालून बसे. व्हायवाच्या दिवशी परीक्षकांनी सुरुवात करायला सांगितलं, तेव्हा तिने फळ्यावर ती जुनी, चुकलेली ओळच आधी लिहिली.