उजेडाचा पत्रा

दर मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला की उद्धवरावांना बोलावणी येतात. आठ वर्षांपूर्वी चाकणला एका शेडच्या छतावरून ते खाली पडले आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. तेव्हापासून चिंचवडची भाड्याची खोली, चाकांची खुर्ची आणि वर्षातून चार-पाच भाषणं. खुर्ची ढकलायला बायको, सुभद्राबाई, सोबत असते.

यंदा खराबवाडीजवळच्या एका कंपनीने आवारात मांडव घातला होता. समोर दोनेकशे कामगार बसले होते.

"छतावरचे सगळे पत्रे लोखंडाचे नसतात," उद्धवराव सांगत होते. "आत उजेड यावा म्हणून मधेमधे फायबरचा पत्रा टाकतात. नवा असताना ओळखू येतो. पण दोन-चार वर्षं धूळ बसली की शेजारच्या पत्र्यासारखाच दिसतो. मी त्याच्यावर पाय दिला. म्हणून चढायच्या आधी शेडमध्ये जाऊन वर बघा, उजेड कुठून येतोय ते. तिथे खुणा करा. फळ्या टाका आणि फळ्यांवरूनच चाला. पट्टा नुसता कमरेला बांधू नका, त्याचा हुक दोरीला अडकवा."

बोलता बोलता त्यांची नजर कुंपणापलीकडे गेली. शेजारच्या शेडच्या छतावर दोन माणसं पन्हळीतला गाळ काढत होती. फळ्या नव्हत्या. पट्टे होते, पण हुक मांडीवर लोंबत होते.

"त्यांना खाली उतरवा," उद्धवराव माइकवर म्हणाले.

भाषणातलंच काही असेल असं वाटून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सेफ्टी ऑफिसर निमिष वाकून हळूच म्हणाला, "काका, ती आपली साइट नाही. मी त्यांना मेल करतो."

"मेल वाचून होईस्तोवर त्यांचा पाय फायबरवर पडेल." मग ते बायकोला म्हणाले, "चल."

सुभद्राबाईंनी खुर्ची वळवली. निमिष नाइलाजाने मागोमाग आला. शेजारच्या गेटवर वॉचमनने आत सोडलं नाही, पण ठेकेदाराला बोलावून आणलं.

ठेकेदार ओळखीचाच निघाला, ज्ञानदेव. उद्धवराव पडले त्या दिवशी तो त्याच छतावर, त्यांच्यापासून दोन हातांवर काम करत होता.

"तू होतास ना रे तिथं?" उद्धवरावांनी विचारलं.

"होतो. तुम्हाला टेम्पोत मीच घातलं."

"मग हे काय?"

"फळ्या मागितल्या होत्या, राव. मालक म्हणाले, दोन तासांचं काम, फळ्या वर चढवण्यातच अर्धा दिवस जाईल. मी नाही म्हटलं तर दुसरा ठेकेदार उभाच आहे."

"मालकाचं राहू दे. तू सांग, फायबर कुठं कुठं आहे ते बघितलंस का?"

ज्ञानदेवने मान खाली घातली. मग छताकडे बघून हाक मारली आणि माणसांना उतरायला सांगितलं.

उतरलेल्यांपैकी किसन नावाचा चाळिशीचा माणूस गेटपाशी आला. उद्धवरावांच्या पायांकडे बघत तो शांतपणे म्हणाला, "तुमचं खरं आहे, काका. पण आज हे अर्धवट राहिलं तर उद्या आम्हाला कोण बोलावणार?"

उद्धवरावांनी सुभद्राबाईंना खुर्ची वळवायला सांगितली.

परत निघताना कंपनीची गाडी कोपऱ्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. सुभद्राबाई मागच्या काचेतून त्या छताकडे बघत होत्या.

"चढले?" उद्धवरावांनी मान न वळवता विचारलं.

"चढले."

त्यांनी निमिषला फोन लावला. तो म्हणाला, मेल केलाय, अजून उत्तर नाही. ज्ञानदेव फोन उचलेना. घरी येऊन जेवायला बसले, तरी फोन ताटाशेजारीच ठेवला. खाली कोसळताना फुटक्या पत्र्यातून दिसलेलं ते आभाळ त्यांना परत परत दिसत राहिलं.

संध्याकाळी ज्ञानदेवचाच फोन आला. आवाज मोकळा होता. "काम आटोपलं, राव. कुणाला काही झालं नाही. तुम्ही उगाच घोर लावून घेतला."

"बरं झालं," उद्धवराव म्हणाले, आणि ते मनापासून होतं. पण फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पुढच्या वेळी ज्ञानदेव फळ्या मागणारसुद्धा नाही.

"काय म्हणाला?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"काही झालं नाही म्हणाला."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "शुक्रवारी हिंजवडीला बोलावलंय. नको म्हणून कळवू का?"

उद्धवराव म्हणाले, "येतो म्हणून कळव. तिथंही नुसत्या टाळ्याच वाजवतील."