पावडरीचा चेंडू

दिनकर चेंडूवर वाकून उभा राहिला आणि उभाच राहिला.

वोल्फ्सबुर्गबाहेरच्या त्या गोल्फच्या मैदानावर सकाळचं धुकं अजून जागचं हललं नव्हतं. समोर काळं तळं. तळ्यापलीकडे झेंडा असावा, पण दिसत नव्हता. झाडीत कावळे होते, तेही गप्प. आणि पाठीमागे ऑफिसातला मित्र यशोधन. समोरचा फटका मारत असताना तोंडातून शब्द काढायचा नाही, हा खेळाचा नियम. यशोधन तो जरा जास्तच पाळत होता.

स्टिक मागे न्यायची, बस. एकदा मागे गेली की पुढचं आपोआप होतं. पण हात मागे जातील तर शपथ!

जर्मनीत गाडीला लागतं तसं गोल्फलाही लायसन लागतं. त्याला प्लात्सराइफं म्हणतात. त्या परीक्षेत दिनकर दोनदा असाच पुतळा होऊन नापास झाला होता. "अहो, एक चेंडू मारायला एवढा विचार?" बायकोने, शैलाने, सकाळीच टोमणा मारला होता. आज हात हलला नाही तर स्टिका विकून टाकीन, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. आणि आता शेवटचं होल. चेंडू तळ्यापलीकडे पडला तर पास.

या सगळ्याचं मूळ होतं कंपनीच्या वसंतातल्या गोल्फ स्पर्धेत. दिनकर म्हणजे कोजागिरीच्या मसाला दुधात मीठ घालून, वर "कसं झालंय?" विचारणारा माणूस. त्या दिवशी तो यशोधनची बॅग ओढायला म्हणून गेला आणि त्याच्या चेंडूच्या जागी फटका बसताच फुटणारा पावडरीचा चेंडू ठेवून आला. सगळ्या साहेबांसमोर यशोधनने झोकात स्टिक फिरवली. फट्! पांढरा ढग. ढगातून बाहेर आला तेव्हा यशोधन पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसत होता. अख्खं डिपार्टमेंट हसलं. दिनकर तर गवतावर बसून हसला.

यशोधनने चष्मा पुसला. म्हणाला, "छान होतं, दिन्या."

बस्स. ना शिवी, ना फोन, ना दिवाळीला फराळ.

दिनकरचा या खोड्यांच्या धंद्यातला अनुभव दांडगा. शिव्या देणारा माणूस तिथल्या तिथे मोकळा होतो. 'छान होतं' म्हणणारा घरी जाऊन विचार करतो. तेव्हापासून दिनकर ऑफिसची खुर्ची उलटी करून बघायचा, कॉफी हुंगून प्यायचा. आणि चेंडूवर उभं राहिलं की हात गोठायचे. आज तर परीक्षेत फटके मोजायला यशोधनने स्वतःहून नाव दिलं होतं. स्वतःहून!

म्हणून दिनकरने नव्या चेंडूंचं सीलबंद पाकीट खिशात ठेवलं होतं. पण अर्ध्या मनाने मारलेले चेंडू झाडीत गेले, आणि शेवटचा आत्ताच तळ्यात बुडाला.

"संपले?" मागून आवाज आला.

"संपले."

"माझा घे."

यशोधनने चेंडू पुढे केला. हसू नाही, राग नाही. दिनकरने तो तळहातावर तोलला. हलका वाटला. की थंडीने बोटं बधिर झाली होती? आता तो त्याच चेंडूवर वाकून उभा होता.

फुटू दे, त्याला एकदम वाटलं. त्याचा हक्कच आहे. फुटला तर निदान तो हसेल तरी.

आणि स्टिक मागे गेली.

टक्! चेंडू धुक्यात शिरला. पाण्याचा आवाज आला नाही. पलीकडे गवतावर काहीतरी धप्पकन पडलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर. पास," यशोधन म्हणाला. मग स्वतःचा चेंडू ठेवून त्यावर वाकला.

आणि उभाच राहिला.

दिनकर बघत राहिला. स्टिक तसूभरही हलत नव्हती.

"यशा? तुझंही?"

"वसंतापासून," यशोधन चेंडूवरची नजर न काढता म्हणाला. "प्रत्येक चेंडू फुटणार वाटतं. नवीन पाकिटातला असला तरी. आज म्हटलं, तू समोर असशील, निदान बॅगेकडे लक्ष ठेवता येईल."

दिनकर पुढे गेला, चेंडूच्या पुढे थोड्या बाजूला ओल्या गवतात गुडघे टेकले आणि तोंड खाली आणलं.

"मूर्खा, ऊठ! लागेल."

"मार. फुटला तर माझ्या तोंडावर फुटू दे."

"दिन्या, हात घसरला तर डोकं फुटेल तुझं."

"मार म्हणतो ना!"

त्याने डोळे मिटले. कावळा एकदाच ओरडला. मग हवा कापत काहीतरी खाली आलं.

टक्!

दिनकरचं तोंड थंडगार झालं. ओठांवर स्टिकने उडवलेला चिखल, दातांत गवत. त्याने डोळे उघडले. डोक्यावर यशोधन स्टिकवर ओणवा होऊन, पोट धरून हसत होता.

"आल्झो, मग," तो कसाबसा म्हणाला, "कसं झालंय?"

"मीठ कमी आहे," दिनकर गवत थुंकत म्हणाला.