टोकदार पाठीची खुर्ची

पैज लागली हल्डाबाईंच्या किराणा दुकानात. ओबाडाया स्प्रेग काकवीच्या पिंपावर बसला होता, मी दारात.

आम्ही जुने शेजारी. तो शर्टांच्या कॉलरींच्या धंद्यात वर आला, मी लाकूड कोरत राहिलो. पैसा आला तशी त्याच्या घरात परकी राज्यं शिरली. आधी ग्रीक कोच, मग फ्रेंच राजाचं वेलबुट्टीचं टेबल, आणि यंदा गॉथिक. चर्चच्या खिडकीसारख्या टोकदार पाठीची खुर्ची त्याने माझ्याकडूनच करून घेतली. "अजून नक्षी" म्हणाला, म्हणून पाठीच्या मधोमध मी तीन टोकांचं ओकचं पान कोरलं. ते कुठे रुतणार हे मला चांगलं ठाऊक होतं.

"त्या खुर्चीला टेकून अर्धा तास बसून दाखव," मी म्हणालो.

"अर्धा कशाला? रविवारी पाद्रीबुवा येतायत. ते उठेपर्यंत पाठ सोडणार नाही."

"सोडलीस तर?"

"तुला ढकलगाडीत घालून शनिवारच्या बाजारातून फिरवीन. हरलास तर तू मला."

"स्प्रेगभाऊ, चर्चच्या विश्वस्तपदाला उभे आहात," हल्डाबाई म्हणाल्या. "गाडी ढकलणाऱ्याला कोण मत देतंय?"

"म्हणून तर हरायचं नाही."

रविवारी स्प्रेगच्या घरी मी आणि पंच म्हणून हल्डाबाई समोर बसलो. पाद्रीबुवांनी सफरचंदाचा केक संपवला आणि बायबलातल्या जलप्रलयाला हात घातला. दहाव्या मिनिटाला स्प्रेगच्या कपाळावर घाम, विसाव्याला डोळ्यांत पाणी.

"उशी देऊ का रे?" मी प्रेमाने विचारलं.

"गॉथिकमध्ये उशी नसते," तो दातांतून म्हणाला.

पाद्रीबुवा गहिवरले. प्रलयासाठी रडणारा श्रोता त्यांना जन्मात भेटला नव्हता. त्यांनी पुन्हा आदमपासून सुरुवात केली. अडीच तासांनी ते उठले, म्हणाले, "विश्वस्त असावा तर असा."

आम्ही दोघांनी धरून स्प्रेगला खुर्चीतून सोडवला. मी हरलो होतो.

शनिवारी मी गाडी आणली. बाजार गच्च, कॉलर कारखान्यातल्या पोरी खिडक्यांत. स्प्रेग ठेवणीतला कोट घालून आला, ऐटीत बसला, मागे टेकला आणि ताडकन उठला.

"बस की," मी म्हणालो.

शेवटी तो पोटावर पालथा पडला. मी ढकलत होतो, आणि भावी विश्वस्त गाडीच्या कडेवर हनुवटी ठेवून दोन्ही बाजूंच्या मतदारांना टोपी काढून नमस्कार करत होता.