न वाजणारा कोट

नात्यानं ती एकाच मुलीची आत्या होती, पण कोटांच्या त्या कारखान्यात चाळीस वर्षं काढल्यावर ती सगळ्यांचीच आत्या झाली होती. शिलाईच्या बायका, इस्त्रीवाला, अगदी तिच्याहून वयानं मोठे असलेले कटिंग मास्तरसुद्धा तिला आत्याच म्हणत. कारखाना तिच्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादांचा. शिवून घेणं आणि विकणं दादांकडे, कापड निवडणं आत्याकडे. आलेला प्रत्येक तागा आधी तिच्या हाताखालून जायचा. ती कापड मुठीत चुरगाळायची, सोडायची, कोपऱ्याला ओढायची, नखानं खरवडायची आणि मग एकच शब्द बोलायची: ‘चालेल’ किंवा ‘परत’.

तिच्या निवडीनं कारखान्याचं नाव झालं होतं आणि, खरं सांगायचं तर, तिच्या निवडीनंच कारखाना खाली बसत चालला होता. तिनं पसंत केलेल्या जाड लोकरी कापडाचा कोट फाटतच नसे. एकदा एक गृहस्थ मुद्दाम सांगायला आले की वडिलांनी घेतलेला कोट मी वापरतो आणि आता माझ्या मुलालाही तो अंगासरसा बसतो. दादांनी त्यांना चहा पाजला, दारापर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन डोक्याला हात लावून बसले. तीन पिढ्या आणि एक कोट! शिलाईच्या खोलीत तेव्हाच तीन मशीनांवर झाकणं चढली होती.

अशा वेळी जावईबापू आले. दादांच्या मुलीचे यजमान. आधी गाद्या विकणाऱ्या कंपनीत होते, बोलण्यात पटाईत. पहिल्याच दिवशी त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, “कोटांचा खप वाढवायचा असेल तर सुरुवात कापडापासून.” आत्याला बरं वाटलं. हे वाक्य ती स्वतः चाळीस वर्षं बोलत होती, फक्त पडदा लावायचं तिला सुचलं नव्हतं.

पण जावईबापूंचं कापड वेगळं होतं. तीन पदरी, मध्ये अतिशय पातळ पडदा, पाण्याचा थेंब आत येणार नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाईल. बर्फाच्या शिखरावर चढणारी माणसं हेच घालतात, असं ते म्हणाले. आत्यानं कापड मुठीत धरलं. चुरचुर, खसखस, कडकड. जणू कुणी सुक्या पाल्यावरून चालत यावं.

“दादा, हे वाजतं,” ती म्हणाली.

दादांना अलीकडे कमी ऐकू यायचं. कानातलं यंत्र आणलं होतं, पण ते टेबलाच्या खणात असायचं. “काय म्हणालीस?”

“वाजतं, वाजतं!”

दादांनी मनगटावर पाहिलं. “सव्वाअकरा.”

“आत्या, तो आवाज नाही, ती ओळख आहे,” जावईबापू समजुतीच्या सुरात म्हणाले. “गिऱ्हाइकाला आवाजावरूनच कळतं की आत काहीतरी आहे.”

“काहीतरी आहे हे त्याला कळेलच. शेजारच्यालाही कळेल.”

दादांनी कापडावर पाणी टाकून पाहिलं. थेंब मोत्यासारखे घरंगळून गेले. आवाजाचा प्रश्न त्यांच्यापुरता उद्भवतच नव्हता. त्यांनी मान डोलावली.

नमुन्याचं पहिलं जाकीट आठवडाभर स्वतः अंगात घालायचं, ही आत्याची जुनी शिस्त. तेव्हा केशरी रंगाचं, अंगावर सतराशे साठ खिसे असलेलं ते जाकीट घालून ती बाजारात गेली, बँकेत गेली आणि शुक्रवारी जुन्या मैत्रिणीच्या नवऱ्याच्या शोकसभेलाही गेली. सभागृह थंडगार होतं, जाकीट काढायची सोय नव्हती. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. आत्यानं श्वास घेतला. खस्स. सोडला. खस्स. पुढच्या ओळीतल्या चार माना वळल्या. तिनं श्वास रोखून धरला, पण साठी उलटलेल्या माणसानं किती रोखायचा? शेवटी जो मोठा श्वास आला त्यानं खिशांसकट सगळं जाकीट खडखडलं. शेजारच्या आजीबाई कानाशी लागून म्हणाल्या, “अगं, एकटीच काय खातेस?”

सोमवारी तिनं हे जावईबापूंना जसंच्या तसं सांगितलं. ते खळखळून हसले. “आत्या, शिखरावर शोकसभा नसतात.”

“आणि आपल्या गिऱ्हाइकांपैकी शिखरावर किती जण जातात?”

“जात नाहीत. पण जावंसं वाटतं ना! आपण ते वाटणं विकायचं.”

युक्तिवाद बिनतोड होता. पाचशे जाकिटं शिवली गेली, दुकानांत लागली आणि, आत्याला कबूल करावंच लागलं, भराभर खपलीही. झाकणं काढायची तयारी झाली. मग दीड महिन्यानं तीच जाकिटं परत येऊ लागली. आधी चार, मग खोकंभर, मग खोकीच्या खोकी.

जावईबापूंनी संगणकावर कारणांचा तक्ता काढला. दुकानदारांनी भरायच्या यादीत आकार, रंग, शिवण आणि ‘इतर’ एवढेच पर्याय होते. जवळजवळ सगळ्यांनी ‘इतर’वर खूण केली होती. “इतर म्हणजे काहीच नाही,” जावईबापू म्हणाले. “म्हणजे मालात दोष नाही. लोकांचं मन बदललं, एवढंच.” आणि ते नव्या रंगांच्या मागे लागले.

आत्याला तक्ते वाचता येत नव्हते. ती गोदामात गेली, खोकी उघडली आणि एकेका जाकिटाचे खिसे तपासू लागली. माणसं वस्तू परत करताना चिठ्ठी लिहितात, रागावलेली असली तर हमखास लिहितात. पहिल्या खिशात सापडली: ‘मी रात्रपाळीची परिचारिका आहे. वॉर्डातून एक फेरी मारली की पाच रुग्ण जागे होतात.’ दुसरीत: ‘वाचनालयातून मला बाहेर जायला सांगितलं. मी तिथली ग्रंथपाल आहे.’ एका पक्षी बघणाऱ्यानं दोनच शब्द लिहिले होते: ‘पक्षी उडाले.’ आणि एका बाईंनी वळणदार अक्षरात: ‘जाकीट उत्तम आहे. पण यांना फोनवर बोलताना माझं काही ऐकू येत नाही, आणि यांनी ते परत करू नये म्हणून फार आग्रह धरला. म्हणून परत करत आहे.’

आत्या खोक्यावर बसून पोटभर हसली. मग तिनं चिठ्ठ्या वेगळ्या काढून मोजल्या. एकशे बारा चिठ्ठ्या, त्यातल्या सत्त्याण्णव आवाजाच्या. पाणी आत आलं म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणजे माणसांना कोरडं राहायचं होतं, फक्त गाजावाजा न करता.

दुसऱ्या दिवशी ती बस पकडून कापडगिरणीत गेली. तिथला नमुने दाखवणारा विक्रेता तिला वीस वर्षं ओळखत होता आणि वीस वर्षं घाबरतही होता. त्यानं एकामागून एक कापडं काढली. आत्यानं या खेपेला डोळे मिटले आणि प्रत्येक कापड कानाशी नेऊन चोळलं. विक्रेता आधी गोंधळला, मग त्यालाही गंमत वाटू लागली. बत्तिसावं कापड चोळताना तिनं विचारलं, “चोळतेय की नाही मी?”

“चोळताय.”

“मग ऐकू का येत नाही?”

विक्रेता ओशाळला. “आत्या, ते ठेवा. ते नापास आहे. मध्ये तोच पाणी अडवणारा पडदा, पण वरून घासून मऊ लव उभी केलेली. एका खुर्च्यांच्या कारखान्यासाठी विणलं होतं, त्यांनी रंग बघून नाकारलं.”

रंग खरोखर बघण्यासारखा नव्हता. भिजलेल्या उंदराचा असतो तसा. आत्यानं कापड पातेल्यावर ताणून बांधलं, तांब्याभर पाणी ओतलं आणि घड्याळ लावून बसली. वरची लव पाणी पिऊन जड झाली, थेंब काही मोत्यासारखे घरंगळले नाहीत. पण तासाभरानं पातेल्यात बोट फिरवलं तर ते कोरडं ठणठणीत.

“चालेल,” ती म्हणाली. विक्रेत्यानं हा शब्द तिच्या तोंडून वर्षभरात ऐकला नव्हता.

कारखान्यात मात्र कुणालाच चालेना. कटिंग मास्तरांनी लवेवर एकदा उलटा, एकदा सुलटा हात फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “आत्या, लवेचं कापड म्हणजे सगळे तुकडे एकाच दिशेनं कापायचे. नाहीतर एक बाही गडद दिसणार, एक फिकी. कापड किती वाया जाईल!”

“मग एकाच दिशेनं कापा. तुम्हाला कुठे घाई आहे? कामच काय आहे आपल्याकडे?”

मुद्दा खरा होता. मास्तरांनी खडूनं लवेची दिशा आखून घेतली.

जावईबापूंनी वेगळी हरकत काढली. “न वाजणं हा काय गुण झाला, आत्या? आवाज नाही हे जाहिरातीत दाखवायचं तरी कसं?”

दादा इतका वेळ नुसते तोंडांकडे बघत होते. त्यांच्यापर्यंत यातलं अर्धंच पोहोचत होतं. आत्यानं कापडाचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्यानं तो सावकाश दाबला, मुठीत चुरगाळला, सोडला आणि पुन्हा चुरगाळला. वडिलांनी या दोघा भावंडांना कापड ओळखायला शिकवलं होतं ते याच पद्धतीनं, शेजारी शेजारी बसवून. विकायच्या मागे लागल्यापासून दादांनी कापडाला हात लावणंच सोडलं होतं.

“हे आपलं आहे,” ते म्हणाले. मग बहिणीकडे बघून हळूच, “वाजत नाही ना?”

म्हणजे त्या दिवशी त्यांनी ऐकलं होतं, निदान नंतर कुणाकडून तरी समजून घेतलं होतं. तिनं मान हलवली.

साठ कोट शिवायचं ठरलं. लांबी गुडघ्यापर्यंत, खिसे चार, रंग उंदराचाच, कारण तेवढाच तागा होता. जावईबापूंनी त्यांना कारखान्याच्या स्वतःच्या दुकानात मागच्या भिंतीवर जागा दिली आणि वर काही लिहायचं नाकारलं. आत्यानं त्या जाकिटांच्या परतीच्या पावत्यांवरून पत्ते काढले आणि स्वतःच्या हातानं सत्त्याण्णव पोस्टकार्डं लिहिली: ‘आपली तक्रार खरी होती. आता वाजत नाही. येऊन कानाशी चोळून बघावं.’

लोक आले. दुकानात उभे राहून कोटाच्या बाह्या कानाशी चोळू लागले. ते बघून ज्यांना काही घ्यायचं नव्हतं तेही कुतूहलानं थांबून चोळू लागले. परिचारिका आली ती एका कोटासाठी; पुढच्या आठवड्यात तिच्या वॉर्डातल्या नऊ जणी आल्या. एका नाटकगृहानं अंधारात माणसांना जागा दाखवणाऱ्या सगळ्या नोकरांसाठी मागणी नोंदवली. पक्षी बघणाऱ्यांच्या मंडळानं तर रंगाची तारीफ केली; असा रंग शोधायला किती अभ्यास करावा लागला असेल, असं त्यांच्या अध्यक्षांनी विचारलं. वळणदार अक्षरवाल्या बाई स्वतः आल्या, एक कोट नवऱ्यासाठी बांधून घेतला आणि जाता जाता म्हणाल्या, “आता त्यांना बहाणा उरला नाही.”

वर्ष संपायच्या आत तिन्ही मशीनांवरची झाकणं निघाली आणि दोन नवी मशीनं आली. गिरणीनं उंदराच्या रंगाला ‘पहाटधुकं’ असं नाव देऊन तो मुद्दाम विणायला घेतला. जावईबापूंना व्यापाऱ्यांच्या संमेलनात भाषणाचं बोलावणं आलं. विषय होता ‘कापडाच्या निवडीतून व्यवसायवाढ’. त्यांनी पाऊण तास पडद्यावर चित्रं दाखवली. एका चित्रात तो जुना तक्ताही होता, फक्त आता ‘इतर’च्या जागी ‘शांततेची सुप्त मागणी’ असं लिहिलं होतं. कुणीतरी विचारलं, ही मागणी तुम्हाला दिसली कशी? जावईबापू म्हणाले, “आकडे बोलतात, आपण ऐकायचं.”

पहिल्या रांगेत बसलेल्या आत्यानं मनापासून टाळ्या वाजवल्या. घरी येताना भाचीनं विचारलं, “आत्या, तुला राग नाही आला?”

“आला होता. पण मग वाटलं, माणूस बोलतो छान. मला पाऊण तास बोलायला लावलं असतं तर मी ‘चालेल’ म्हणून खाली बसले असते.”

दादांना मात्र जावयानं सगळं श्रेय घेतलं ते रुचलं नाही. त्यांनी आत्यासाठी काचेची खोली बांधून घेतली, दारावर ‘कापड विभागप्रमुख’ अशी पाटी लावली, फिरती खुर्ची आणली. आत्या दोन दिवस तिथे बसली. खोलीत खिडकी नव्हती, दिव्याखाली सगळे तागे सारखेच पिवळट दिसत होते, आणि विभागात तिच्याखेरीज कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं पाटी न काढता खोलीत तागे रचले आणि ती आपल्या टेबलापाशी परतली. दादांनी ते पाहिलं. तेव्हापासून रोज दुपारी ते तिच्या टेबलाशी येऊन बसू लागले आणि नवे नमुने आधी तिनं, मग त्यांनी, असे चुरगाळू लागले. कधी मतभेद झाले तर दोघं इतक्या मोठ्यानं भांडत की शिलाईच्या बायका मशीनं थांबवून ऐकत.

त्या आठवड्यात टपालानं एका बसचालकाची चिठ्ठी आली होती. कोट चांगला आहे, पण आम्ही दिवसभर बसून असतो, मागची बाजू दुमडून गोळा होते, त्याचं काही करता येईल का? आत्यानं ती दादांना मोठ्यानं वाचून दाखवली. मग कटिंग मास्तरांना बोलावलं, त्यांच्या अंगात कोट चढवला आणि ती नवी फिरती खुर्ची बाहेर ओढून आणली.

“बसा मास्तर,” ती म्हणाली.

“किती वेळ?”

“आठ तास. जेवायला उठा मध्ये.”