फाटकं जाळं

पाचूबंदरच्या किनाऱ्यावर डेल्फिनने कावळ्याला दगड मारला. तो चुकला. तेवढ्यात मासळी वाळवायच्या वलांडीच्या दुसऱ्या टोकाला, बांबूवर टांगलेल्या बोंबलांवर चार कावळे उतरले.

"अगं, दगड संपतील, कावले नाय संपनार!" शेजारच्या वलांडीवरून आशालता ओरडली. "जाली टाक म्हनते तर ऐकत नाय. मग हात दुखला की येशील माझ्याकडं तेल मागायला."

डेल्फिनला हसू आलं नाही. तिचं सगळं ध्यान कमरेला खोचलेल्या फोनवर होतं. तिचा मुलगा जॅक्सन मालवाहू जहाजावर खलाशी होता. चार दिवसांपासून ते जहाज परमुलखातल्या एका बंदरात अडकलं होतं आणि तिथे लढाई पेटली होती. बंदरावर लढाऊ विमानं राखण करतात, एवढाच तिच्या जिवाला आधार.

फोन वाजला.

"आय, घाबरू नको," जॅक्सन म्हणाला. शाळेत नापास झाला होता तेव्हाही त्याची सुरुवात अशीच होती.

"इमानं हायेत ना वर?"

"हायेत. पन एक क्षेपणास्त्र सोडतात ना, तेवढ्या पैशात आपल्या आलीतल्या सगल्या बोटी येतील. आनि पाडतात काय, तर जुन्या इंजिनाच्या किमतीचा ड्रोन! काल चालीस आले. इमानं रिकामी होऊन भरायला गेली, तर मागनं आनखी आले. आता छोटे येतात, आय. शेजारच्या जहाजावर एक पडला, दोघं भाजले. डोक्यावर घुमत रातात. मानूस शोधतात."

डेल्फिनने मूठ उघडली. दगड संपले होते. वलांडीवरचे कावळे मात्र सात झाले होते.

"जॅक्सन, जहाजावर जाली हायेत?"

"माल उचलायची हायेत. का?"

"डोक्यावर बांध. जिथनं चालता, जिथं निजता, तिथं. पन उंच बांध हां. बोंबलाला चिकटून टाकली तर कावला वरनंच चोच मारतो."

"ठावं हाय. लहानपनी माझ्याकडूनच बांधून घ्यायचीस." तो जरासा हसला. "कप्तान येड्यात काढंल."

"काढू दे. येड्यात काढायला जिता तर रायला पायजे!"

पलीकडे भोंगा वाजला. फोन तुटला.

तिने परत लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग आशालता काही न विचारता घरातून जुनं, फाटकं जाळं घेऊन आली. दोघींनी ते काठ्यांवर उंच ताणून वलांडीवर पसरलं. डेल्फिनच्या हातून गाठ बसेना. आशालतानेच ती मारली.

चर्चमध्ये दुपारची घंटा झाली तेव्हा फोटो आला. जहाजाच्या दारावर जाड दोरांचं जाळं ताणलेलं, गाठी तिनेच शिकवलेल्या. एका कोपऱ्यात मात्र माणूस मावेल एवढी जागा उघडी होती. खाली लिहिलं होतं, 'एवढंच पुरलं.'

तिने विचारलं, 'तू कुठं हायेस?'

उत्तर आलं नाही.

वलांडीवरच्या जाळ्यावर एक कावळा उतरला. त्याने चोच खाली घातली, बोंबील लागला नाही. पण तो उडाला नाही. एकेक पाऊल टाकत, मान वाकडी करत, तो जाळ्यातलं भोक शोधू लागला.

डेल्फिन सुई-दोरा घेऊन धावली.