उजव्या नाकपुडीला छिद्र

सन १९३८च्या मॅट्रिकचे अकरा फॉर्म खामगावच्या आमच्या बोर्डिंगात मी भरले, कारण इंग्रजी अक्षर माझं बरं होतं. त्यांतला एक आता पुन्हा भरतो आहे. नागपूरच्या फॉर्मवर एकेका रकान्याला बोटभर जागा असायची. इथे ती अडचण नाही. रकाने मात्र आठवतील त्या क्रमाने येतील.

रकाना १. विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव

उकंडा रामराव मानकर.

हे मी लिहिलंच नाही. टाक दौतीत बुडवला आणि त्याने माझं मनगट धरलं.

उकंडा माझ्या खोलीतला. चौघांची खोली, चार पत्र्याच्या पेट्या, घरून आलेल्या ज्वारीची चार पोती आणि त्यांवर पोसलेले उंदीर. शेजारी कापसाची जिनिंग होती. हंगामात तिच्या भोंग्यावर आम्ही उठायचो आणि वरणावर आलेला कापसाचा भुरा बोटाने बाजूला सारून जेवायचो. उकंडा गणितात वर्गात पहिला होता. तरी तो आत आला की मागच्या बाकांवरची शहरातली पोरं नाकं धरायची. उकिरडा आला, म्हणायची.

आमच्या वऱ्हाडात अशा नावांचं कोणाला नवल नाही. बोर्डिंगात एक कडूबाही होता. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथे पुढचं जन्मलं की त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवतात. शेजारीण उचलते, आणि आई सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घेते. नाव वाईट ठेवतात. मुलगा असला तर नाकही टोचतात. न्यायला येणाऱ्याला वाटावं, हे टाकाऊ आहे, आणि पोरगीच आहे.

हे सगळं उकंडाला माहीत होतं. तरी तो म्हणाला, "नागपूरच्या कॉलेजात हे नाव घेऊन जाऊ काय बे?"

मी म्हणालो, मग दुसरं सांग. आज लिहिलं ते जन्मभराचं.

मी चारपाच नावं सुचवली. तो खिडकीतून जिनिंगच्या भिंतीकडे पाहत होता.

"गुलाब," तो म्हणाला.

"कोठून काढलं रे हे?"

"कोठून नाही. तोंडात आलं."

मी लिहिलं. अक्षर छान आलं होतं.

रकाना ६. ओळखीची खूण

उजव्या नाकपुडीला छिद्र.

लहानपणी त्यात बाळी होती. ती काढली, छिद्र राहिलं. ज्वारीचा दाणा अडकेल एवढं. उकंडा पळायला लागला किंवा जोराने श्वास घेतला की त्यातून बारीक शीळ वाजायची. परीक्षेच्या दिवसांत पहाटे तो गणितं सोडवत बसे, आणि अवघड गणित आलं की आम्हाला ते अंथरुणात पडल्यापडल्या कळायचं.

रकाना ३. पालकाची सही अथवा अंगठा

वडील नव्हते. शनिवारी तो मोटारीने शेगावला गेला, तिथून मिळेल त्या गाडीने वरवट बकालला. सोमवारी फॉर्म घेऊन आला. आईचा अंगठा रकान्यात बसला नव्हता, खालच्या ओळीवर उतरला होता.

तिने विचारलं होतं, यात काय लिहिलं? तो म्हणाला होता, माहं नाव.

हा रकाना पुन्हा येईल.

रकाना २. वय

सतरा वर्षे चार महिने. पौषापर्यंत हे खरं होतं.

फॉर्म नागपूरला गेला आणि आमचे सुपरिंटेंडेंट महादेवराव यांनी हजेरीच्या वहीतही नाव बदललं. संध्याकाळी ओट्यावर हजेरी व्हायची. पहिल्या दिवशी "गुलाब रामराव" अशी हाक आली तेव्हा कडूबा म्हणाला, घ्या, उकिरड्यावर गुलाब उगवला. सगळे हसले. उकंडाही हसला आणि म्हणाला, तू पण एखादं गोड पाहून घे बे.

संक्रांतीच्या सुमारास मी त्याला आवारातून हाक मारली, सवयीने, जुन्या नावाने. त्याने मान वळवली, पण माझ्याकडे नाही. आपल्या पाठीमागे पाहिलं. तिथे कोणी दुसरं उभं असावं आणि मी त्यालाच हाक मारतो आहे, असं.

मग तो भाकरीचा पापुद्राच खाऊ लागला, कडा ताटात ठेवू लागला. विहिरीवर जाताना माझं बोट धरायचा. एकदा नव्हे, रोज. त्याच्या वहीतलं अक्षर मोठं होत गेलं, ओळ सोडून खाली घसरू लागलं, मग जोडाक्षरं गेली. माघात एका दुपारी त्याने भूमितीचं पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"वाचून दाखव," म्हणाला. त्रिकोणावर बोट ठेवून विचारलं, "हे घर हाय काय?"

मी हसलो नाही. आदल्या दिवशीपासून मला एक गोष्ट टोचत होती. आम्ही तिघं जिनिंगच्या भोंग्याला शाळेकडे पळत सुटलो होतो, तो माझ्या शेजारी पळत होता, आणि शीळ वाजत नव्हती.

मी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. नाकपुडी सलग होती. वण नाही, खळगी नाही. कधी टोचलंच नव्हतं अशी.

रकाना ४. जन्मगाव

वरवट बकाल. तिथून कापसाच्या गाड्या खामगावला यायच्या. तशाच एका गाडीवर बसून त्याची आई सोजराबाई आली. मीच महादेवरावांना सांगून निरोप धाडला होता. पोराला बरं नाही, एवढाच. नाकाचं सांगायला मला तोंड नव्हतं.

दुपारची वेळ. तो ओट्याच्या पायरीवर ऊन खात बसला होता, कापसाचा पुंजका फुंकरीने उडवत होता. ती फाटकातून आली, डोक्यावर शिदोरी. तिने हाक मारली, "उकंडा." तो पुंजका उडवत राहिला. तिने पुन्हा मारली. मग मी, तोवर सवय बदलली होती म्हणून, म्हणालो, "गुलाब, आई आली ना."

त्याने मान वर केली आणि तो तिला पाहून असा खुलला, की मी दुसरीकडे पाहिलं.

सोजराबाई जागच्या जागी बसली. शिदोरी पडली नाही, तिने ती नीट खाली ठेवली. मग मला जवळ बोलावलं.

"कोनं सांगतलं त्याले हे नाव?"

मी म्हणालो, कोणी नाही, त्याच्या तोंडात आलं.

"माहा मोठा लेक व्हता गुलाब," ती म्हणाली. "चार वर्साचा गेला. त्याच्या मागून दोघी गेल्या. मंग हा. बावीस साल झाले, घरात, गावात, कोनीच हे नाव घेतलं नाही. याले ठाऊकच नाही."

फॉर्म कोणी लिहिला ते तिने विचारलं. मी सांगितलं. अंगठा कशावर घेतला तेही सांगितलं. तिने उजवा हात पदराखाली घेतला.

रकाना ५. पूर्वी नाव बदलले असल्यास तपशील

स्वयंपाकघरामागे राख, साली आणि शेणाचा ढीग होता. सोजराबाईने तो पाहिला. स्वयंपाक्याकडून सूप मागून घेतलं, त्यात जात्याखालचा कोंडा घेतला. महादेवराव मध्ये पडायला आले, आणि तिचं तोंड पाहून परत गेले.

तो तिच्या बोटाला धरून आनंदाने गेला. तिने त्याला ढिगावर निजवलं. तो निजला, गुडघे पोटाशी घेऊन.

"तू उचल," ती मला म्हणाली. "तू लिह्यलं, तूच उचल. अन् मले विक."

सतरा वर्षांचा गडी, माझ्याहून वीतभर उंच. मी पाय रोवून वाकलो, आणि जोर लावला तो मागेच पडत होतो. ओझंच नव्हतं. कडेवरचं लेकरू असावं एवढं. त्याने माझ्या गळ्यात हात टाकले आणि कानात म्हणाला, "मी जाऊ नको काय?"

मी चालू लागलो. तिच्यापर्यंत दहा पावलं होती. चौथ्या पावलाला तो जड झाला. सातव्याला माझे गुडघे वाकले. दहाव्याला मी त्याला तिच्यापुढे टाकलंच म्हणायला हवं.

"घेतो काय कोनी हे टाकलेलं?" तिने शिकवलं होतं तसं मी म्हणालो.

"मी घेतो," ती म्हणाली आणि सूप माझ्या हातात दिलं. मग बसून त्याचं डोकं मांडीवर दाबलं, पोलक्याला टोचलेली सुई काढली आणि उजव्या नाकपुडीतून आरपार घातली. रक्त ओठावर आलं. तो ओरडला, आपल्या जुन्या, फुटलेल्या आवाजात.

"काय करून राह्यले बे तुम्ही?"

आईने त्याला नाव विचारलं. उकंडा, तो म्हणाला, आणि पाहणाऱ्या पोरांवर चिडला. जखमेतून शीळ येत होती. ती रडली तेव्हाही सूप माझ्याच हातात होतं. त्यातला कोंडा कुठे टाकायचा ते मला कोणी सांगितलं नाही.

रकाना ८. परीक्षा केंद्र, आसन क्रमांक

महादेवरावांनी नागपूरला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं, की मुदत संपली, नावात बदल होणार नाही. उकंडाला वर्षभराची गणितं परत आली होती. तो पहिल्या वर्गात आला असता. पण त्या नावाच्या आसनावर बसायचं नाही, अशी आईची शपथ होती, आणि मला वाटतं त्यालाही भीती होती. चैत्रात त्याने वळकटी बांधली. ज्वारीचं उरलेलं पोतं मला दिलं.

माझा क्रमांक त्याच्या लगेच पुढचा. म्हणजे त्याचं बाक माझ्यासमोर.

पहिल्या दिवशी घंटा झाली आणि मी प्रश्नपत्रिकेवरून मान वर केली नाही. समोर टाकाचा आवाज येत होता. हळू, दाबून, एकेक अक्षर. पर्यवेक्षक कागद घेऊन बाकाबाकाला थांबत आले. समोर थांबले. ओळखीची खूण वाचली, वाकून पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाले, बरं, आणि माझ्याकडे आले. त्यांचा हात थंड होता, माझ्या कागदावर टेकला तेव्हा कळलं.

मी फक्त बाकाखाली पाहिलं. पाय दिसत होते. ते फरशीला टेकत नव्हते.

सहा दिवस. शीळ एकदाही वाजली नाही.

रकाना ९. निकाल (कार्यालयाने भरावा)

उत्तीर्ण. तिसरा वर्ग.

रकाना ३. पालकाची सही अथवा अंगठा

प्रमाणपत्र बोर्डिंगच्या पत्त्यावर आलं. महादेवरावांनी ते दोन बोटांत धरून मला दिलं आणि पोचवून ये म्हणाले.

वरवट बकालला पोचलो तेव्हा उकंडा घरामागच्या वावरात बैलांमागे डवरा हाकत होता. कापसाची पऱ्हाटी वीतभर झाली होती. मी त्याला हाक मारली नाही. सोजराबाई चुलीपाशी होती. मी कागद पुढे ठेवला आणि काय ते सांगितलं. वाटलं, ती तो चुलीत घालील. काडी पेटवायला मीही पुढे झालो असतो.

तिने विचारलं, त्याचं नाव कोठं हाय? मी बोट ठेवलं. तिने त्यावरून हात फिरवला.

"एकटाच बसला व्हता?"

"हो."

"भेला तं नाही?"

मी म्हणालो, नाही. बाक उंच होतं, एवढंच.

ती हसली. बावीस वर्षं न घेतलेलं नाव तिने घेतलं, हळू, दोनदा, तोंडात साखर धरावी तसं. मग मला विचारलं, मॅट्रिक झालेल्याला पुढे कुठे धाडतात. नागपूरला, कॉलेजात, मी म्हणालो. बोलून गेलो.

"मंग फारम भरा लागन ना त्याचा."

मी म्हणालो, शाई आणली नाही. टाक आणि दौत माझ्या पिशवीत होती.

तिने तवा उलटा केला, बुडाच्या काजळीवर अंगठा घासला, आणि तो काळा अंगठा माझ्यापुढे धरून बसली.

वावरातून उकंडाची शीळ येत होती. डवरा वळला की थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मी कान तिकडे लावून बसलो. डवरा वळला.